ड्रॉइंग अर्धवट असताना इलेक्ट्रिकलच्या कामाचा रेट कसा भरायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: आर्किटेक्टकडून लायटिंगचा लेआउट आणि पॉइंट लिस्ट एवढंच आलंय, सिंगल लाइन डायग्राम (मीटरपासून सप्लाय कसा कसा जातो त्याचा नकाशा) नाही, लोडचा तक्ता नाही, आणि परवा संध्याकाळपर्यंत लमसम, म्हणजे सगळ्या कामाचा मिळून एकच आकडा हवाय. २५ टक्के वर धरून भरून टाकू का?

नका भरू. मी बावीस वर्षं मुंबईत ऑफिसं आणि फ्लॅटची वायरिंग करतोय, आणि हे टक्के धरणं मी सोडून दिलंय. काम ड्रॉइंगइतकंच निघालं तर तुम्ही उगाच महाग ठरता आणि काम दुसऱ्याकडे जातं. जास्त निघालं तर ते २५ टक्के कुठे विरले ते कळतही नाही.

एक अनुभव सांगतो. अंधेरी पूर्वेला चौथ्या मजल्यावरचं ऑफिस होतं. ड्रॉइंगमध्ये आतलं सगळं नीट होतं, डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड, जिथून सगळी सर्किट निघतात) दरवाज्यामागे दाखवलेला होता. त्या डीबीपर्यंत सप्लाय येणार कुठून, हे कुठेच नव्हतं. टिपेत फक्त ‘१६ स्क्वेअर एमएम, चार कोअर आर्मर्ड केबल’. तांब्याची की ॲल्युमिनियमची, लिहिलेलं नाही. केबल वर नेतात त्या डक्टला कुलूप होतं म्हणून मी ते न उघडताच २० मीटर ॲल्युमिनियम धरली. काम सुरू झाल्यावर टेप लावला. मीटर रूम इमारतीच्या मागच्या अंगाला, वळसा घालून ४६ मीटर भरले. कन्सल्टंटने तांब्याचीच केबल मागितली. मी एक्स्ट्रा मागितला तर ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली ओळ दाखवली: ‘काम सर्व दृष्टींनी पूर्ण करून देणे.’ नफा तर त्या केबलमध्ये गेलाच, पण कारागिरांचा शेवटचा पंधरवडा मी घरच्या पैशांतून दिला.

तेव्हापासून मी मीटरपासून शेवटच्या प्लगपर्यंत कागदावर बोट फिरवत जातो. मीटर, मेन स्विच, सबमेन (डीबीपर्यंत येणारी मोठी केबल), डीबी, सर्किट, पॉइंट. जिथे बोट अडतं तिथे काहीतरी गायब आहे. मग इलेक्ट्रिकलचं ड्रॉइंग बाजूला ठेवून फर्निचरचं, प्लंबिंगचं, एसीचं मागून घेतो. गीझर कुठे आहे ते प्लंबिंगवाल्याच्या कागदावर सापडतं. दादरच्या एका फ्लॅटमध्ये पॉइंट लिस्टवर किचनला तीन पॉइंट होते. इंटिरियरच्या ड्रॉइंगमध्ये चिमणी, ओव्हन, डिशवॉशर, फ्रिज, आरओ आणि इंडक्शन. ओव्हन, गीझर, एसी यांना मी डीबीपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची लाइन ओढतो, म्हणजे नुसत्या किचननेच हिशोब बदलला.

त्याच कागदांवरून लोडची बेरीज करा. दीड टनाचे तीन एसी, दोन किलोवॅटचे दोन गीझर आणि इंडक्शन एवढ्यानेच ११ किलोवॅटच्या आसपास जातो. मालकाच्या वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो पडताळा. वाढवून घ्यायचा असेल तर बेस्ट, अदानी, टाटा पॉवर किंवा महावितरण, ज्यांचं मीटर असेल त्यांची फी आणि डिपॉझिट मालकाचं, हे आधीच लिहा. नाहीतर ‘तुम्हीच करून द्या’ हे शेवटच्या आठवड्यात ऐकावं लागतं.

साइट बघितल्याशिवाय तर आकडा देऊच नका. मायव्हन शटरिंगच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) नव्या टॉवरमध्ये भिंती आरसीसीच्या असतात, तिथे पाइपसाठी भिंतीत झिरी मारायला परवानगी मिळत नाही. मग सगळं फॉल्स सीलिंगमधून फिरवावं लागतं आणि पाइप-वायर दोन्ही वाढतात. बऱ्याच सोसायट्यांत तोडफोडीची वेळ ठरलेली असते, दुपारी बंद. विरारहून पहाटेची लोकल पकडून आलेला माणूस ते तास बसून काढतो, आणि मजुरी पूर्ण दिवसाची द्यावी लागते.

आता आकडा. माझं कोटेशन तीन भागांत असतं. जे ड्रॉइंगमध्ये दिसतं त्याची रक्कम, पॉइंट मोजून. मग जे वाढू शकतं त्याचे सुटे रेट: लाइट पॉइंट, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, एसी पॉइंट, सबमेन दर मीटरला. तिसरं पान सगळ्यात मोलाचं, मी काय धरलंय त्याचं: ‘सबमेन तांब्याची, ३० मीटरपर्यंत. जास्त लागल्यास वरच्या रेटने. यूपीएसची वायरिंग, सीसीटीव्ही आणि डेटा यात नाही. लोडवाढीची फी यात नाही. रेट १५ दिवसांसाठी.’ शेवटची ओळ तांब्यासाठी. लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, आज विचारलेला वायरचा भाव महिन्याभराने तोच मिळेल याची खात्री नसते.

लमसमच हवा असेल तर द्या, पण पॉइंटची मोजणी आणि हे तिसरं पान त्याच पत्राला जोडून, दोन्हीवर सही घ्या. मोठ्या क्लायंटनेही मला यावरून कधी हाकललेलं नाही. उलट एका आर्किटेक्टने माझं पान बघून ड्रॉइंग सुधारून सगळ्यांना परत पाठवलं. आणि जो ते पान काढूनच टाकायला सांगतो, त्याचं काम मी घेत नाही.

शंका फोनवर विचारल्या तरी लगेच मेसेज टाका: ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे डीबी १२-वे, सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी धरतोय.’ (१२-वे म्हणजे बारा खणांचा, आरसीसीबी म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच.) उत्तर नाही आलं तरी तुम्ही विचारलं होतं हे राहतं.

तुमच्याकडे उद्याचा दिवस आहे. लेआउटवर डोकं घालण्याआधी सकाळी साइटवर जा, वॉचमनकडे मीटर रूमची आणि डक्टची किल्ली मागा. टेप ३० मीटरचा न्या, ५ मीटरच्या टेपने डक्ट मोजताना चूक होते.