रजिस्टरातली जन्मतारीख आणि हुकलेली स्पर्धा: कागदाचं आधी बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात कालवलं. मुलगी आठवीत, तालुक्याला चौदा वर्षांखालच्या गटात ६०० मीटरला पहिली, आणि आता शाळा म्हणते की आधार आणि शाळेच्या प्रवेश रजिस्टरची जन्मतारीख जुळत नाही, जिल्ह्याला नाव पाठवता येत नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी काय बघणार? ती सतराखालच्या गटात जाईल. तिथं ६०० मीटर हा प्रकारच नाही, ८०० आहे, आणि सोबत धावायला दोन-दोन वर्षांनी मोठ्या पोरी. 'पुढच्या वर्षी' हे उत्तर तुम्ही अजिबात मान्य करू नका.

सराव, खुराक, कोच यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, त्यात मी पडत नाही. मी फक्त कागदावर बोलतो, कारण माझ्या मुलाची विभागीय स्पर्धा कागदानंच गेली.

मुलगा तालुक्याच्या खाजगी इंग्रजी शाळेत. जन्म ११ जानेवारीचा, जन्मदाखल्यावर ११/०१. प्रवेशाच्या वेळी ज्यानं जनरल रजिस्टर भरलं त्यानं अंकी रकान्यात ११/०१ बरोबर लिहिलं, आणि शेजारच्या अक्षरी रकान्यात 'एक नोव्हेंबर'. महिना आधी धरून वाचलं असणार. एकाच ओळीत दोन जन्मतारखा! गुणपत्रिकेवर अंकी तारीख यायची, त्यामुळे इतकी वर्षं कोणाच्या नजरेत आलं नाही. जिल्ह्यातून ८०० मीटरसाठी निवड झाली, विभागाकरता शाळेनं रजिस्टरचा उतारा जोडला, आणि तपासणीच्या टेबलावर ते दिसलं.

आता बघा, दोन्ही तारखा एकाच वर्षातल्या. वयोगट १ जानेवारीच्या रेघेवरून ठरतो, आणि दोन्ही तारखा त्या रेघेच्या अलीकडच्याच. कोणतीही धरा, पोरगा सतराखालीच बसतो. टेबलावरच्या माणसालाही हे पटलं. तो म्हणाला, "मला समजते हो, पण रजिस्टर दुरुस्त करून आणा." त्याला मी दोष देत नाही. जास्त वयाची पोरं खालच्या गटात घुसवणारे लोक आहेतच, त्यांच्यामुळे कागद कडक बघावे लागतात.

खरा घात पुढे झाला. माध्यमिक शाळा संहितेत, म्हणजे शाळांच्या कारभाराच्या सरकारी नियमावलीत, २६.४ हा नियम आहे. रजिस्टरातली जन्मतारीख मुख्याध्यापकाला आपल्या मनानं बदलता येत नाही, वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते. शाळेनं प्रस्ताव पाठवला, पण ज्या कार्यालयात गेला तिथं तो जिरला. नाव घेत नाही, घेऊन आता उपयोगही नाही. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, त्याखाली आमचा प्रस्ताव, काठाला टाचलेल्या चिठ्ठीवर एकच शब्द: त्रुटी. कोणती त्रुटी, ते लिहिलेलं नाही. विचारलं की एक सांगायचे, प्रतिज्ञापत्र नाही. ते नेलं की दुसरी, झेरॉक्स साक्षांकित नाही. ती केली की साहेब दौऱ्यावर. सगळ्या त्रुटी एकदमच सांगा म्हटलं तर बाबू म्हणतो, "काहून घाई करता, पोट्टं लहान आहे अजून." स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे हे त्याला डोळ्यात पाणी आणून सांगितलं होतं. मंजुरीचा आदेश हातात आला तेव्हा स्पर्धा होऊन गेली होती आणि आमच्याकडे कपाशीची वेचणी चालू होती. मी रोजची मजुरी मागत नव्हतो, सवलत मागत नव्हतो. शाळेच्या हातून झालेली एका शब्दाची चूक सुधारून मागत होतो. त्या पोरानं काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर, पायाला किलो-किलो चिखल घेऊन पावसाळाभर सराव केलेला, आणि अडला कुठं तर एका टाचणीला. आजही लिहिताना राग येतो.

तर तुम्ही काय करा. सगळ्यात आधी, सेतूवर कोणी "आधारच बदलून टाका, सोपं पडते" म्हणालं तर ऐकू नका. आधारवरची जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते. जन्मदाखला आणि आधार जुळत असतील तर चूक रजिस्टराची आहे, आणि दुरुस्ती रजिस्टरातच व्हायला पाहिजे. चुकीच्या तारखेशी बरोबर कागद जुळवून घेतलात तर दहावीला, पासपोर्टला, नोकरीला दर ठिकाणी हेच भोगाल. पण जन्मदाखल्यावरच वेगळी तारीख असेल तर गोष्ट निराळी, मग आधी ते बघा.

शाळेत जाऊन रजिस्टरचं पान डोळ्यानं बघा, अंकी आणि अक्षरी दोन्ही. आधीची शाळा वेगळी असेल तर तिथला पहिलीच्या प्रवेशाचा उताराही काढा, बरेचदा चूक तिथूनच आलेली असते. खाडाखोड किंवा पांढरी शाई कोणालाही करू देऊ नका, तसा उतारा पहिल्याच टेबलावर परत येतो. आणि हे काम मुलगी त्या शाळेत शिकत असतानाच करा. शाळा सोडल्याचा दाखला निघाला की फार अवघड होऊन बसतं.

प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, पण त्याची एक प्रत स्वतः कार्यालयात नेऊन आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. माझ्या मते यातलं हेच सगळ्यात मोलाचं. तोंडी त्रुटी सांगितली तर त्याच दिवशी साध्या कागदावर लिहून द्या की 'आज आपण अमुक त्रुटी सांगितली, ती पूर्ण करून जोडत आहे, आणखी काही असल्यास लेखी कळवावे', आणि त्याचीही पोच घ्या. तरी हललं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारा: माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, तो सध्या कोणाच्या टेबलावर आहे. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, पण आमच्याकडे तो अर्ज पडल्यावर फाईल त्याआधीच उठली. हे मला कोणी सुरुवातीला सांगितलं असतं तर पोरगा धावला असता.

शाळेशी मात्र भांडू नका. तुमचा राग मला कळतो. या खाजगी शाळा क्रीडा शुल्क घेतात, आणि पीटीच्या सरांना स्कूल बसच्या ड्युटीवर लावतात. खेळाचं मैदान हवं असं शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय, आणि आमच्या शाळेत मैदानाच्या नावावर पार्किंग होतं. वर्षातून एकदा फक्की मारून स्पोर्ट्स डे करायचा, फोटो काढायचे, झालं. पण ऑनलाइन प्रवेशिका भरणारा, उतारा देणारा, सही-शिक्का मारणारा क्लार्क तिथलाच असतो. त्याच्याशी गोड राहा, तपासणीच्या आदल्या दिवशी त्याला फोन करा.

बाकी दोन गोष्टी. स्पर्धेचं प्रमाणपत्र हाती पडल्या पडल्या त्यावरचं नाव वाचून बघा, आधी आडनाव की शेवटी, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग, सगळं. दहावीच्या क्रीडा गुणांना तेच लागतं, आणि पुढे नोकरीत खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून अर्ज केला तर क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे पडताळणीला हेच कागद जातात. आणि स्पाइक्सची घाई करू नका. मुरमाच्या मैदानावर साधे चांगले बूट चालतात. सिंथेटिक ट्रॅकवर धावायची पाळी आली तर लहान खिळ्यांचे घ्या, पण स्पर्धेच्या आधी ते घालून सराव झालेला पाहिजे, नाहीतर पोटऱ्या धरतात.

मी वकील नाही, शिक्षकही नाही, शेती करणारा बाप आहे. क्रीडा कार्यालयाचे नियम दरवर्षीच्या परिपत्रकात थोडेफार बदलतात, तेव्हा यंदाचं परिपत्रक सरांकडून मागून स्वतः वाचा. तुमची शाळा सीबीएसईची असेल तर त्यांच्या स्पर्धा वेगळ्या होतात, पोरीला कोणत्या वाटेनं न्यायचं हे आधी ठरवा. तालुका-जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत कोणत्याही बोर्डाची शाळा उतरू शकते, आणि खेड्यातल्या लेकराला मला तीच वाट बरी वाटते, प्रवास कमी आणि खर्चही झेपतो.

जिल्ह्याच्या स्पर्धेची तारीख किती लांब आहे ते लिहा. दहा-बारा दिवस असतील तर उद्याच जन्मदाखल्याची मूळ प्रत घेऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि 'दुरुस्तीचा प्रस्ताव सादर केला आहे' असं शाळेच्या लेटरहेडवर पत्र मागा, ते जोडून नाव पाठवायचा आग्रह धरा. टेबलावर कोण बसलंय त्यावर आहे, पण चालूनही जातं. अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे. मुलीचं नाव, शाळेचं नाव इथं न टाकता सांगा, मी टाईप करून टाकतो.