वॉल्टर व्हाइट तरला का?

प्रश्न : वसईत दहावी-अकरावीच्या मुलांचा धर्मशिक्षण वर्ग घेते. मुलांनी 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकी मालिका पाहिली आहे. एकाने विचारलं, "शेवटी वॉल्टरने सगळं निस्तरलं. मग तोही येशूच्या शेजारी क्रुसावर असलेल्या चोरासारखा तरला ना?" मला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे शेवटपर्यंत मीही त्याच्याच बाजूची होते, आणि तेच मनाला खातंय. वर्गात हा विषय घ्यावा का?
— एक ताई

ताई, आधी ती बोच. आपल्याला वॉल्टर भेटतो तो कर्करोग झालेला, शाळा सुटल्यावर लोकांच्या गाड्या धुणारा रसायनशास्त्राचा मास्तर म्हणून. मग तो मादक द्रव्य बनवून विकायला लागतो, आणि ६२ भाग आपण बहुतेक त्याच्याच नजरेने बघतो. त्याची बाजू घ्यावीशी वाटली तर लेखकांचं काम चोख झालं, एवढंच. मात्र कुठल्या भागात त्याची साथ सोडायला हवी होती आणि सुटली नाही, ते आठवून लिहून ठेवा. वर्गात पहिला प्रश्न हाच विचारायचा आहे.

विषय जरूर घ्या. मोजमाप तुमच्या हाताशीच आहे : प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे धर्मगुरूंपुढे पाप कबूल करण्याच्या विधीत, माणसाकडून अनुताप (पश्चात्ताप), पापनिवेदन आणि भरपाई अपेक्षित असते. मुलं थेट भरपाईवर उडी मारतात, म्हणून त्यांना सगळं निस्तरल्यासारखं वाटतं.

त्या मुलाला आधी सांगा की तो निम्मा बरोबर आहे. शेवटच्या भागात, बायको स्कायलरच्या स्वयंपाकघरात, वॉल्टर पहिल्यांदा कबूल करतो की हे सगळं त्याने कुटुंबासाठी नाही, स्वतःसाठी केलं. क्रुसावरचा चोरही आधी हेच करतो : आम्हाला आमच्या करणीचं फळ मिळतंय, म्हणतो. पण मग तो येशूकडे वळून काहीतरी मागतो. वॉल्टर कोणाचीच क्षमा मागत नाही. मरताना तो प्रयोगशाळेतल्या यंत्रांवरून हात फिरवत असतो, आणि चेहऱ्यावर खंतीपेक्षा समाधानच जास्त दिसतं.

पापनिवेदनाचं उदाहरण पाचव्या पर्वाच्या १४व्या भागात आहे. तुझी मैत्रीण जेन गुदमरून मरत असताना मी नुसता बघत उभा होतो, हे तो जेसीला, आपल्या जुन्या विद्यार्थ्याला आणि धंद्यातल्या साथीदाराला, सांगतो. शब्दन्‌शब्द खरा, आणि सांगितला तो जेसीला चिरडण्यासाठी. खरं बोलला म्हणजे पाप कबूल केलं, अशी गल्लत मोठ्यांचीही होते. मुलांना विचारा, हे सांगून त्याला काय हवं होतं?

भरपाईत मेहुणा हँकच्या प्रेताची जागा कळवणं जमेला धरा. पण धंद्यातले ९७ लाख २० हजार डॉलर? ते जुन्या भागीदारांना मारेकऱ्यांची भीती घालून स्वतःच्या मुलासाठी ठेवलेले. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने ज्यांना लुबाडलं होतं त्यांनाच चौपट परत करायचं कबूल केलं. इथे लूकच्या शुभवर्तमानातलं १९:१-१० वाचा, आणि चोरासाठी २३:३९-४३.

वर्गाला दीड तास ठेवा. मालिका प्रौढांसाठी आहे, तेव्हा स्वयंपाकघराचा तीन-चार मिनिटांचा तुकडा पुरे. बाकीचं तोंडी सांगा. जेनचा प्रसंग तर दाखवूच नका.

अशा चर्चा हमखास दोन ठिकाणी फसतात. एक, 'स्वर्ग की नरक' यावर हात वर करून मतदान सुरू होतं. चर्च संतपद जाहीर करतं, पण अमुक माणूस नरकात गेला असं त्याने कोणाविषयी कधी जाहीर केलेलं नाही. हे सांगून मतदान तिथेच थांबवा. दुसरं, मुलं वॉल्टरच्या हुशारीच्या गप्पांत रंगतात. दहा मिनिटं रंगू द्या. मग कागद देऊन त्याच्या धंद्यात भरडल्या गेलेल्यांची नावं लिहायला सांगा. विष दिलेला ब्रॉक, मोटारसायकलवरचा ड्रू शार्प ही पोरं किती जणांना आठवतात ते बघा. वॉल्टरचे संवाद मात्र सगळ्यांना पाठ असतील.

वेळ उरला तर जेसीकडे या. माझ्या मते या मालिकेत पश्चात्तापाच्या जास्त जवळ तोच आहे. चौथ्या पर्वाच्या सातव्या भागात, व्यसनमुक्तीच्या गटात, तो आपण केलेला खून 'कुत्र्याला मारलं' असं म्हणून सांगतो. गटप्रमुख त्याला स्वतःला दोष न देता स्वीकारायला सुचवतो, आणि जेसी भडकतो. तो का भडकला, हे मुलांना पुढच्या रविवारी लिहून आणायला सांगा.