तंबोऱ्याच्या कानांनी

प्रश्न : माझे सारे ऐकणे ख्यालगायकीतले. मुलाने ऐकवलेले अँबियंट, म्हणजे वातावरणात संथपणे भरून राहणारे, संगीत आवडले, परंतु त्यात काहीच घडत नाही असेही वाटले. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो यांच्या १९७८ सालच्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या ध्वनिमुद्रिकेपासून करावी. त्यातील दुसऱ्या रचनेत मानवी कंठातले एकेक दीर्घ स्वर ध्वनिफितीच्या लहानमोठ्या वेटोळ्यांवर फिरत राहतात; त्यांतला एक साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसऱ्याला त्याहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि म्हणून त्यांची गाठ दर वेळी निराळ्या जागी पडते. घडते ते एवढेच, पण ते फार सुंदर आहे. जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गांधार, म्हणजे कोणतीही तार त्या स्वरात लावलेली नसताना आपोआप ऐकू येणारा गांधार, उमटताना ज्याने ऐकला आहे, त्याला हे ऐकणे नव्याने शिकावे लागत नाही. आवाज मात्र लहान ठेवावा आणि रचना मध्येच बदलू नये.

त्यानंतर मुंबईचे चरणजित सिंग यांची १९८२ सालची ध्वनिमुद्रिका ऐकावी, जिच्यात भैरव, ललत यांसारखे राग सिंथेसायझर आणि तालयंत्रावर वाजवले आहेत. ते अँबियंट नव्हे, नाचाच्या ठेक्यावरचे संगीत आहे. तरीही ओळखीचा राग हाताशी असल्याने यंत्राचा नाद तुम्हांला लवकर आपलासा होईल. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत १९६९ ते १९७२ या काळात झालेली ध्वनिमुद्रणे २०२३ मध्ये प्रकाशित झाली आहेत. ती अधिक खडबडीत आहेत, म्हणून शेवटी ऐकावीत.