केलॉइड काढून घ्यायचंय? शोधनिबंधात आधी फॉलोअप किती आहे ते बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: खांद्यावरचं केलॉइड (जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड, उंच वण) कापून काढायचं आणि लगेच लेझर व पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेट्सनी समृद्ध द्रव टोचणं) करायचं, असं तुम्हाला सुचवलंय. पुरावा म्हणून मोजक्या रुग्णांवरचा, तीन महिने फॉलोअप (उपचारानंतर रुग्णांवर ठेवलेली देखरेख) असलेला एक शोधनिबंध हातात दिलाय आणि ‘उंदरांवरही सिद्ध झालंय’ असं सांगितलंय. तर करावं का?

मी डॉक्टर नाही. त्वचा आणि प्लास्टिक सर्जरीच्या चाचण्यांमध्ये नोंदी आणि फोटो सांभाळायचं काम बरीच वर्षं केलं, त्या बळावर लिहितोय. केलॉइडच्या बाबतीत तीन महिन्यांचा फॉलोअप म्हणजे जवळपास काहीच नाही. नुसतं कापून काढलेलं केलॉइड परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ४५ ते १०० टक्के सांगितलंय, आणि ते परत यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त वेळ लागतो. तिसऱ्या महिन्यात त्यामुळे बहुतेकांची जागा छानच दिसते, पीआरपी केलेलं असो वा नसो. निदान वर्षभराचा, खरं तर दोन वर्षांचा फॉलोअप असलेलंच संशोधन मागा.

दुसरं, तो वण नक्की केलॉइड आहे ना? मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरतो तो केलॉइड. हद्दीत राहून फुगतो तो हायपरट्रॉफिक वण, आणि तो काळानुसार आपोआपही बराच बसतो. हे दोन्ही प्रकार एकाच गटात घातलेले निबंध मी पाहिलेत. अशा गटात सुधारणा दिसली तर ती उपचाराची की काळाची, कळणार कसं?

आता फोटो. बाजूने प्रकाश टाकला की उंचवट्याची सावली पडते आणि वण ठसठशीत दिसतो. समोरून फ्लॅश मारला की तोच वण सपाट दिसतो. यात दरवेळी लबाडी असते असं नाही, बरेचदा नुसता निष्काळजीपणा असतो. वणाला गुण देण्याच्या मोजपट्ट्यांचंही तसंच आहे. १९९० पासून वापरात असलेल्या व्हँकुव्हर स्केलमध्ये वणाचा रंग, रक्तपुरवठा, लवचिकता आणि उंची मोजतात. पण रुग्ण ज्याने हैराण असतो ती खाज आणि दुखणं त्यात नाहीच. २००४ मध्ये आलेल्या पोसास या मोजमापात रुग्णाचं मतही घेतात. त्यातून सावळ्या त्वचेवर लालसरपणा नीट दिसत नाही, आणि केलॉइड जास्त होतात ते गडद त्वचेच्याच लोकांना!

उंदरांचं म्हणाल तर, उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की तो आक्रसतो आणि जखम ओढून बंद करतो. माणसाची जखम मुख्यतः नवी ऊती तयार होऊन भरते. आणि केलॉइड प्राण्यांना नैसर्गिकरीत्या होतच नाही. म्हणून प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत माणसाच्या केलॉइडचा तुकडा लावून प्रयोग करतात. पण या आजारात दाह, म्हणजे प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया, हा मोठा खेळाडू, आणि या उंदरांत तोच निम्मा बाद झालेला असतो. ‘उंदरांवर सिद्ध’ याचा अर्थ फक्त ‘माणसांवर तपासून बघायला हरकत नाही’ एवढाच घ्यायचा.

वण कमी राहावा म्हणून बनवलेल्या अॅव्होटर्मिन या औषधाची गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असावी. गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळात गर्भाला झालेली जखम वण न ठेवता भरते, हे निरीक्षण त्यामागे होतं. तिथे टीजीएफ-बीटा-३ हे प्रथिन महत्त्वाचं दिसलं आणि मँचेस्टरच्या रेनोव्हो कंपनीने त्याचं औषध बनवलं. निरोगी स्वयंसेवकांच्या दंडाच्या आतल्या बाजूला छोटे छेद देऊन, एकाच माणसात औषध आणि प्लासिबो (औषध नसलेलं, नुसतं तसंच दिसणारं इंजेक्शन) यांची तुलना केली. कोणत्या छेदात काय, हे ना त्याला ठाऊक ना तपासणाऱ्याला. निकाल चांगले आले आणि २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मग वण दुरुस्तीची शस्त्रक्रिया होणाऱ्या खऱ्या रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये निकाल जाहीर झाला: अपयश. माझ्या मते दंडाच्या सैल त्वचेवरचा बारीक छेद आणि प्रत्यक्षातला वण यांत पुष्कळ अंतर आहे. एवढी काटेकोर आखणी असून हे झालं. तुमच्या हातातल्या निबंधात तर तुलनेचा गट आहे की नाही तेही बघावं लागेल.

मग काय करायचं? खांदा आणि छाती इथे त्वचेवर सतत ताण असतो, त्यामुळे तिथलं केलॉइड कानाच्या पाळीवरच्यापेक्षा जास्त हट्टी. सहसा सुरुवात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी, ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने करतात. त्वचा पातळ होणं आणि तिथे पांढरट डाग पडणं हे तोटे आधीच समजून घ्या. काही डॉक्टर त्यात ५-फ्लुरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारं औषध मिसळतात. शस्त्रक्रिया करायचीच तर नंतर काय, हे आधी ठरवा: इंजेक्शनं की पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होणारं रेडिएशन. रेडिएशनने परत येण्याचं प्रमाण कमी होतं, पण वय आणि जागा बघूनच तो निर्णय घेतात. सिलिकॉन शीटबद्दल (वणावर चिकटवायची पातळ पट्टी) कोक्रेन या चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात २० चाचण्या होत्या. त्यांचा दर्जा कमी आणि पुरावा कमकुवत, असा निष्कर्ष निघाला. तरी त्रास फारसा नसल्याने जोडीला वापरायला माझा विरोध नाही.

डॉक्टरांना सरळ विचारा: ‘तुमच्या स्वतःच्या रुग्णांपैकी दोन वर्षांनी किती जणांचं परत आलं?’ आणि कुठलाही उपचार सुरू करण्याआधी शेजारी पट्टी ठेवून, बाजूच्या प्रकाशात एक फोटो काढून ठेवा. पुढचे सगळे फोटो त्याच जागी, त्याच प्रकाशात.