नावापासून सुरुवात कर

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचताना आधी नावं पकड. ‘नारुतो’ या मांगामध्ये उचिहा या निन्जा घराण्याच्या डोळ्यांच्या शक्ती बघ: अमातेरासु, त्सुकुयोमी, सुसानोओ. इ.स. ७१२ च्या ‘कोजिकी’ या जपानी पुराणकथांच्या ग्रंथात इझानागी हा देव मृतांच्या लोकातून परतून अंग धुतो. डाव्या डोळ्यातून सूर्यदेवी अमातेरासु, उजव्यातून चंद्रदेव त्सुकुयोमी, नाकातून सुसानोओ जन्मतो. हे कळलं तेव्हा मी ती पानं पुन्हा काढून बसलो होतो!

पण नुसत्या नावावर भुलू नकोस. नावासोबत पात्राची करणी जुळते का, तेही बघ. ‘नारुतो’मध्येच इंद्र आणि असुर नावाचे सख्खे भाऊ आहेत. आपल्या पुराणांतही देव-दैत्य कश्यपाचीच मुलं. मात्र ‘नारुतो’त वारसा असुराला मिळतो आणि बंड इंद्र करतो. अशी उलटापालट दिसली की वहीत टिपून ठेव.