कोरड की कोरडेपणा?

प्रश्न असा आहे: वैद्यकीय अहवालात 'स्जोग्रेन' असं लिहिलंय, त्याचा उच्चार काय? आणि घरी मराठीत सांगताना 'तोंडाला कोरड पडण्याचा आजार' म्हटलं तर चालेल का?

उच्चार 'शोग्रेन' करावा. आजाराला ज्यांचं नाव आहे ते हेन्रिक शोग्रेन हे स्वीडिश नेत्रतज्ज्ञ. १९३३ सालच्या प्रबंधात त्यांनी डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांचं वर्णन केलं. त्यांतल्या १३ जणींना संधिवातही होता.

'कोरड' मात्र मला इथे खटकतो. भीतीने घशाला कोरड पडते, उन्हातून आल्यावर पडते, आणि घोटभर पाणी पोटात गेलं की जाते. शोग्रेनमध्ये ती जात नाही. पाणी प्यायलं तरी लाळेची जागा ते घेत नाही. सुका घास तोंडात फिरत राहतो, जीभ टाळूला चिकटते, दात भराभर किडतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, रडू आलं तरी अश्रू येत नाहीत. कोरड पडते, कोरडेपणा असतो. डॉक्टरांनाही 'कोरडेपणा आहे, पाण्याने जात नाही' असंच सांगावं.

दुसरी अडचण 'स्वयंप्रतिकार' या शब्दाची; शोग्रेनला डॉक्टर 'स्वयंप्रतिकार आजार' म्हणतात. तो ऐकून अनेकांना वाटतं, प्रतिकारशक्ती कमी पडली, ती वाढवायला हवी. घडतं ते वेगळंच: पांढऱ्या पेशी लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींमध्ये शिरून त्यांनाच इजा करतात. मराठीत यासाठी 'उलटणे' हे नेमकं क्रियापद आहे. प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली, एवढं म्हटलं की घरच्यांना कळतं.

'ओल' हा शब्दही इथे चपखल बसतो. खालच्या पापणीत गाळणकागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटांत ओल कुठवर चढते ते पाहतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी चढली तर अश्रू कमी पडताहेत असं मानतात. निदानासाठी रक्तातली प्रतिपिंडं (प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं), कधी ओठाच्या आतल्या बारीक लाळग्रंथींचा तुकडाही तपासतात.

आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. डोळ्यांत 'कृत्रिम अश्रू' घालतात (हा शब्द मला आवडतो, कानाला मुळीच परका वाटत नाही). ग्रंथी थोड्या शाबूत असतील तर पायलोकार्पिनने लाळ वाढते. सांध्यांसाठी बऱ्याचदा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात. एक मात्र लक्षात ठेवा: कानाखालची सूज टिकून राहिली तर 'गाल सुजलाय' म्हणून सोडून देऊ नका. ती लाळग्रंथीची असू शकते आणि या रुग्णांत लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो, म्हणून ती लगेच दाखवावी.