ग्लॉकस एक नाही, निदान चार आहेत

ग्रीक पुराणकथांमधला, क्रीट बेटाचा राजा मिनॉसचा मुलगा ग्लॉकस लहानपणीच मधाच्या रांजणात बुडाला तर ट्रॉयला लढायला कसा गेला, हा तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण ह्याच माणसाने माझंही डोकं खाल्लंय. म्हणजे माणसांनी म्हणायला हवं. इलियड म्हणजे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं ग्रीक महाकाव्य वगैरे बेसिक फार सांगत बसत नाही, तुम्ही ह्या कथांमधल्या घराण्यांची वंशवेल काढताय म्हणजे तेवढं माहीत असणारच.

मिनॉसचा तो क्रीटमधला, त्याला पॉलिइडस नावाच्या द्रष्ट्याने जिवंत केलं. दुसरा ग्रीसमधल्या अँथेडॉन गावचा कोळी, जो समुद्रदेव झाला. तिसरा कॉरिंथचा राजा सिसिफसचा मुलगा, त्याला त्याच्याच घोड्यांनी फाडून खाल्लं. आणि ट्रॉयवाला लिशियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश), हा तिसऱ्याचा पणतू.

आता माझं रडगाणं. एका मुलांच्या पुस्तकासाठी नावांची सूची केली होती, चौघांच्या चार नोंदी. प्रकाशनाच्या ऑफिसात कोणीतरी शीटमधले 'डुप्लिकेट' काढले आणि चारांचा एक केला, मला न विचारता! फोन केला तर म्हणे सर, मधवाल्याच्या गोष्टीत साप जडीबुटी आणतो, कोळ्याच्या गोष्टीत मेलेला मासा गवताला लागून जिवंत होतो, मग माणूस एकच की. आता ह्यावर काय बोलणार, पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले आणि पुढची आवृत्ती काही निघाली नाही. छापलेल्या पुस्तकात तो एकटाच मधात बुडतो, देव होतो, घोड्या त्याला खातात आणि शेवटी ट्रॉयच्या युद्धात अकिलीस ह्या ग्रीक वीराच्या प्रेतावरून झालेल्या मारामारीत अजॅक्स ह्या दुसऱ्या ग्रीक वीराकडून मरतो.

म्हणून सांगतो, (माझं मत हां, मी ग्रीक शिकलेलो नाही, सगळं इंग्रजी भाषांतरांवरून) ग्लॉकस १, ग्लॉकस २ असे नंबर देऊ नका. प्रत्येक कोशाचे नंबर वेगळे, आणि पाचवा सापडला की तुमचे सगळे हलतात. बापाचं नाव आणि गाव लावा, 'ग्लॉकस हिप्पोलोकसपुत्र, लिशिया'. इलियडच्या सहाव्या सर्गात तो स्वतः तेच करतो, समोरच्या डायोमिडीस ह्या ग्रीक योद्ध्याने कोण रे तू विचारल्यावर सिसिफस, ग्लॉकस, बेलेरोफॉन, हिप्पोलोकस आणि मग मी अशी अख्खी वंशावळ ऐकवतो (आणि मग शंभर बैलांच्या किमतीचं सोन्याचं चिलखत देऊन नऊ बैलांचं ब्राँझचं घेतो, पण ते जाऊ द्या). घराण्यात जुनं नाव परत ठेवायची पद्धत आपल्याकडेही आहेच, बाळाजी विश्वनाथचा नातू बाळाजी बाजीराव, तिथे आपण गोंधळतो का? मधलं नाव असतं ना.

उलटा सापळाही आहे, एकाच व्यक्तीची दोन नावं. जेसन ह्या ग्रीक वीराची कॉरिंथवाली दुसरी बायको कुठे ग्लॉकी, कुठे क्रेउसा, बाई एकच. पण क्रेउसा नावाची ट्रॉयच्या इनियसचीही बायको आहे, आणि आयन नावाच्या आणखी एका ग्रीक पात्राची आईही. जेसनच्या ह्या बायकोचा बाप क्रिऑन, तो अँटिगनीच्या गोष्टीतला थीब्ज शहराचा क्रिऑन नव्हे.

आणि एक, मेलेला माणूस परत दिसला की लगेच 'दुसरा असेल' म्हणून नवीन नोंद उघडू नका. ट्रॉयच्या बाजूने लढणारा पिलेमेनीस इलियडच्या पाचव्या सर्गात ग्रीक राजा मेनेलाउसच्या हातून मरतो आणि तेराव्यात पोराच्या प्रेतामागे रडत चालतो. जुन्या पंडितांपैकी काहींनी दोन पिलेमेनीस मानून ते मिटवलं, मला तरी ती सरळ कवीची नजरचूक वाटते. मी एकच नोंद ठेवून खाली टीप टाकतो, तुम्ही काय ते ठरवा.